पंधराशेची यादी

रविवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. माया परुळेकर चष्मा लावून जमिनीवर बसल्या आहेत. पुढ्यात वहीचा एक कागद, बाजूला फोन. कागदावर अकरा खोल्यांचे नंबर एकाखाली एक लिहिलेले आहेत. बारापर्यंत ही यादी फोनवरून कुडाळजवळच्या एका गावात पोचली पाहिजे. तिथे प्रिती नावाची बाई कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, उकडे तांदूळ आणि मालवणी मसाला ऑनलाइन विकते. रविवारी दुपारी ती खोके बांधते, सोमवारी पाठवते.

पंधराशे रुपयांच्या वर माल घेतला तर कुरिअर फुकट. खाली राहिला तर कमीत कमी एकशेचाळीस. मायाबाईंना स्वतःला महिन्याला लागतं अर्धा किलो पीठ, किंमत एकशेदहा.

मायाबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. लालबागमधल्या या तीन मजली चाळीत त्या लग्न होऊन आल्या. बालवाडीत एकोणतीस वर्षं शिकवलं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगा बंगळुरात असतो. यादी त्यांनी लॉकडाऊनमध्ये सुरू केली. त्याआधी यादीची गरज नव्हती. कुणीतरी गावाला निघायचं, मजल्यावरचे लोक खोलीचा नंबर घातलेली रिकामी पिशवी त्याच्या हातात द्यायचे आणि तो भरून आणायचा. काय आणायचं हे कुणी सांगत नसे. मागच्यासारखंच, असं धरून चालायचं. ज्याला नको असेल त्याने तोंडाने नको म्हणायचं, हा नियम. मायाबाईंनी ऑनलाइन यादीलाही तोच नियम लावला.

पार्सल गुरुवारी येतं. मग त्या मापून पिशव्या भरतात आणि संध्याकाळी लोक न्यायला येतात. खाट, दोन खुर्च्या आणि उंबरठा एवढी जागा भरते. चहा दोनदा होतो. पैसे तेव्हाच हातात मिळतात. महिन्यातल्या इतर संध्याकाळी त्यांच्याकडे कुणी येत नाही.

चाळीच्या पुनर्विकासाचे करार मे महिन्यात सुरू झाले. लोक भाड्याचे पैसे घेऊन विरार, बदलापूर, वडाळा असे पांगले. आता मजल्यावरच्या सोळा खोल्यांपैकी तीन उघड्या आहेत. यादीतले बरेच जण फोन उचलत नाहीत. पण नको असं कुणी म्हटलेलं नाही.

मायाबाईंनी पहिला फोन राधाबाईंना लावला. राधाबाई तेवीस नंबरच्या, पस्तीस वर्षांपासूनच्या शेजारीण. जुलैपासून वडाळ्याला, मुलगा आणि सून श्रेया यांच्याबरोबर.

"राधाबाई, यादी करतंय. तुमचा मागच्यासारखाच लिवलंय."

"माका नको गो आता."

मायाबाईंचं पेन तेवीस नंबरवर थांबलं.

"श्रेयान त्या मोबाईलवरच्या दुकानाचो वर्षाचो पास घेतल्यान," राधाबाई म्हणाल्या. "काय मागवला तरी वरचो चार्ज नाय. सकाळी सांगितला, सांजेक दारात हजर. कुळथाचा पीठसुद्धा इला."

"ता गावचा पीठ नाय."

"नसूंदे गावचा. तुझ्याकडे येवक टॅक्सीक दीडशे जातत, परत जावक दीडशे. तुझा फुकटचा पार्सल माका तीनशेक पडता."

"मगे श्रेयाक पाठवा."

"ती येता! एक रविवार सुट्टीचो, त्या दिवशी बारा वाजता उठता ती. काट माझा नाव. आणि तू ये गो एकदा हय. लिफ्ट आसा."

मायाबाईंनी तेवीस नंबरवर रेघ मारली. चार वर्षांत यादीत मारलेली ही पहिली रेघ.

त्यानंतर त्यांनी आठ फोन केले. सहा वाजत राहिले, एक बंद होता. बदलापूरच्या एका बाईंनी उचलला, "काकी, नंतर करते," म्हणून ठेवला.

साडेदहाला नाना आले. नाना सावंत, पंचवीस नंबर, वय चौऱ्याहत्तर, छापखान्यातून निवृत्त. मंगळवारी ते मुलीकडे डोंबिवलीला जाणार आहेत. सामान बांधायला सुतळी मागायला आले होते.

"कितीवर आली गाडी?" त्यांनी कागदाकडे बघत विचारलं.

"तुमचे तीनशे आणि माझे एकशेदहा. बाकी कुणी फोन उचलत नाही."

"माझे कुठले? मी मंगळवारी फुटतोय इथून."

"तुम्ही नको म्हणाला नाहीत."

"अगो, निघून चाललोय म्हणजे नकोच ना!" नाना हसले. मग त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "बरं, बरं. माझ्या नावावर आगळाच्या आठ बाटल्या टाक. झाले तुझे पंधराशे. पैसे आत्ता घे."

"आठ बाटल्या? डोंबिवलीत काय आंघोळ करणार?"

"पित्त होतं मला."

"आणि गुरुवारी न्यायला कोण येणार?"

नाना सुतळी शोधायला खाटेखाली वाकले आणि तसेच थांबले. खाटेखाली कापडी पिशव्या ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर खोलीचा नंबर. सोळा, सतरा, एकोणीस, बावीस.

"हे काय, दुकान काढलंस?"

"त्यांचं आहे. न्यायचं राहिलंय."

"एकोणीसवाले तर जूनमध्ये गेले."

"जूनपासूनचंच आहे."

नानांनी एकोणीस नंबरची पिशवी बाहेर ओढली. आत पिठाची चार पाकिटं होती, चार महिन्यांची. एक फोडलं. पिठाच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि गुठळ्यांमध्ये जाळी धरली होती. त्यांनी सतराची उघडली. तांदळातून पोरकिडे वर आले.

"याचे पैसे सगळे तू भरलेस?"

"यादी पंधराशेच्या खाली गेली असती. एकशेचाळीस लागले असते."

"आणि एकशेचाळीस वाचवायला चार महिने किड्यांना जेवू घातलंस! बालवाडीत पोरांना हेच गणित शिकवायचीस?"

"नको म्हटलं नव्हतं कुणी," मायाबाई म्हणाल्या. मग पिशवीचं तोंड बंद करत म्हणाल्या, "आलं असतं कुणी अचानक, तर रिकाम्या हाताने पाठवायचं?"

नाना खुर्चीवर बसले. त्यांनी चहा मागितला. एरवी ते सकाळचा दुसरा चहा घेत नाहीत. निघताना नाना म्हणाले, "आठ बाटल्यांचं खरंच सांगत होतो मी."

"माहीत आहे. नको."

सुतळी मात्र त्यांनी नेली.

अकरा पन्नासला मायाबाईंनी प्रितीला फोन केला.

"बोला काकी. मागच्यासारखंच ना?"

"नाही. अर्धा किलो पीठ. एकच पाकीट."

"एकच?" प्रितीने विचारलं. "काकी, पंधराशेला खूप कमी पडतंय हो. कुरिअर लागेल. पिठापेक्षा जास्त होईल ते."

"लावा."

"दुसऱ्या कुणाच्या खोक्यात घालू का? परळला एक जण घेतात, तुम्ही जाऊन आणा. किंवा या वेळी राहू दे, मी भरते चार्ज."

"तुम्ही कशाला? कुरिअरवाला तुम्हाला पैसे सोडतो का?"

"तो कुणालाच सोडत नाही," प्रिती हसली. "मग बाकीच्या घरांचं पुढच्या महिन्यात लिहू?"

"नका लिहू. घरं उठली."

मायाबाईंनी फोनवरून दोनशे पन्नास रुपये पाठवले आणि पोचल्याचा मेसेज येईपर्यंत स्क्रीनकडे बघत राहिल्या. मेसेज बारा वाजून एक मिनिटाने आला.

मग त्या खाटेजवळ बसल्या. एकेक पिशवी ओढून पीठ आणि तांदूळ दोन बादल्यांत ओतले. प्लास्टिकची पाकिटं वेगळी ठेवली. पिशव्या उलट्या करून गॅलरीत झटकल्या. आगळाच्या बाटल्या टिकल्या होत्या, त्या पुसून फळीवर लावल्या. खाटेखालून केर काढून फडकं मारलं. या कामाला पावणेदोन तास लागले. भरलेल्या बादल्या त्यांना उचलेनात, म्हणून फरशीवरून सरकवत दारापर्यंत नेल्या. जिन्याने खाली न्यायला नाना येतो म्हणाले आहेत. ते मंगळवारपर्यंत इथेच आहेत.

उद्या सोमवार. ओल्या कचऱ्याची गाडी सकाळी साडेसातला चाळीच्या दाराशी येते आणि चार मिनिटं थांबते.