देवघरातला हाली रुपया

चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण देवघरातल्या त्या एका रुपयानं मला जेवढं छळलं तेवढं त्यांनीही नाही. अजून आठवण झाली की माझा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला जातो.

तेव्हा मी उदगीरला पोलीस निरीक्षक होतो. एका संग्रहालयाच्या नाणे विभागानं गावात 'तुमची नाणी ओळखा' असं शिबिर भरवलं होतं. लोक घरची नाणी आणत आणि विभागाच्या मॅडम ती पडद्यावर मोठी करून माहिती सांगत. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी एक आडत व्यापारी, त्यांची बायको आणि सून ठाण्यात आली. सासऱ्यांच्या कपाळावर विभूती होती आणि तिघांची तोंडं तीन दिशांना.

"सायब, आमचा निजामाचा हाली रुपया बदलला," सासू म्हणाली. "त्येच्यावरच्या चारमिनाराखाली खड्डा होता. हिनं शिबिराला नेला, न् हा दुसराच घेऊन आली. कुटं इकून आली, देव जाणे!"

सून रडत नव्हती. ती कंधारची, लग्नाला दोनच वर्षं झालेली. "हळदीकुंकवानं काळा पडलेला रुपया चार लोकांत कसा न्यावा म्हणून चिंचेनं घासला, साहेब. दुसरं काही केलं न्हाई." तिची बॅग घरी भरून ठेवलेली होती. रुपया सापडला नाही तर तिला माहेरी धाडणार, हे सासूनं माझ्यासमोरच सांगून टाकलं.

सासरे मात्र म्हणत होते, "जाऊ द्या साहेब, कशाला फिर्याद? देवघर बायकांचं काम. मी तर त्या रुपयाला कधी हात बी लावत न्हाई."

नुकसान झालेला माणूस 'जाऊ द्या' म्हणतो तेव्हा माझे कान टवकारतात. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला, "त्या मॅडमच हातचलाखी करून राहिल्यात."

मग मी साध्या कपड्यांत शिबिरात गेलो. आईचं एक जुनं नाणं मॅडमपुढं केलं, तशी त्यांनी हात मागं घेतला. "काका, नाणं तुमच्याच तळहातावर राहू द्या. आम्ही पाहुण्यांच्या नाण्याला हात लावत नाही, भिंग वरून धरतो. आणि घरी कधी घासू नका हं!" म्हणजे इथं अदलाबदल व्हायला जागाच नव्हती. फोन खोटा होता. आणि रुपया बदलल्याचं त्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे तो घरातल्याच कुणीतरी केला होता.

सराफाकडून तसेच दोन रुपये मागवले आणि त्यांच्या घरून आलेल्या बदललेल्या रुपयासोबत टेबलावर मांडले. आधी सासू-सुनेला विचारलं, यातला तुमच्या घरून आलेला कोणता? दोघींनी चष्मे लावून, उजेडात धरून पाहिले आणि हात टेकले. मग सासऱ्यांना आत बोलावलं.

त्यांचा चष्मा खिशातच राहिला. जन्मभर तूर-हरभरा चिमटीत चोळून पारखलेला हात तो! एकेका रुपयाची कड त्यांनी अंगठ्याखाली फिरवली आणि तिसरा पुढं सरकवला. "ह्यो."

बरोबर होता. त्याच्या कडेला कानशीनं घासलेली बारीक जागा होती. कधीकाळी कुणाच्या तरी गळ्यातल्या हाराची कडी तिथं होती.

"कधी हात न लावलेला रुपया अंगठ्यानं कसा ओळखला, शेठ?"

त्यांचा अंगठा तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, फोनही त्यांचाच होता. लातूरच्या एका शौकिनाला मूळ रुपया भारी आवडला होता. तो त्याला विकून शेठनी बाजारातून हा आणून ठेवला. हळदीकुंकवाच्या थराखाली दिवाळीला रुपया घासायची वेळ येईपर्यंत कुणाला कळलं नसतं. पण सुनेला शिबिराची हौस आली आणि तिनं आधीच चिंच लावली. बायकोसमोर कबूल करण्यापेक्षा सुनेवर आळ येऊ देणं त्यांना सोपं वाटलं. मला त्या माणसाची चीड आली, ती आजही गेलेली नाही.

मी जबाब लिहायला घेतला तशी सून म्हणाली, "साहेब, कागदावर नंतर घ्या. आधी मामांनी आत्याला तोंडानं सांगावं." त्यांनी सांगितलं. घरी गेल्यावर सासूनंच सुनेची बॅग उघडून साड्या परत कपाटात लावल्या, असं पुढं कळलं.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. घरात काही हरवलं की संशय आधी बाहेरच्यांवर जातो, आणि आपल्याकडे सून घरात राहूनही बाहेरचीच धरली जाते. पुढं प्रत्येक घरगुती तक्रारीत मी आधी विचारायचो, इथं बोट कुणाकडे दाखवणं सगळ्यांना सोपं जातंय?

मूळ रुपया लातूरहून परत आला. लक्ष्मीपूजनाला त्या घरी मला बोलावणं होतं. सुनेनं सासऱ्यांपुढं पाट मांडला, चिंचेची वाटी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, आता दरसाल तुमीच घासायचा."