बाबांचा पिस्टन

नव्याण्णव साली बाबा गेले, तेव्हा त्यांची जुनी मोटारसायकल पावसच्या घरामागे गंजत पडली होती. मुंबईच्या थोरल्या भावाने ती भंगारात घालायला सांगितली. मी इंजिन उघडलं. घासलेला पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्लचप्लेटा, सगळं बदललं. सुट्टे भाग मिळवण्यातच दोन पावसाळे गेले. मग शिमग्याला भाऊ आला, एका किकमध्ये सुरू झालेली गाडी बघितली आणि म्हणाला, "बाबांची आठवण आहे, थोरल्याकडेच शोभेल." आईनेही मान डोलावली. गाडी टेम्पोत चढवताना त्याने डोळे पुसायची हौसही भागवून घेतली. बाबांनी झिजवलेला एकेक भाग माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहे. तो डबा त्याने कधी मागितला नाही.