नंतर बघणार कोण?

आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. ध्रुवावरच्या बर्फात मोजमाप करणारी यंत्रं, त्यांचा डेटा साठवणारे कॉम्प्युटर, यातल्या कशाला सरकारी निधी द्यायचा हे त्या ऑफिसात बघतात. स्वतः बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला. कुणी काहीही नवं आणलं की विचारतात, “छान आहे हो, पण नंतर बघणार कोण?”

टाकीतलं पाणी मोबाइलवर दाखवणारा सेन्सर घ्यायचा ठरला, तेव्हाही मीटिंगमध्ये हेच. मी चिडून म्हणालो, “मॅडम, ही ठाण्यातली गच्ची आहे, अंटार्क्टिका नाही!” सगळे हसले. त्याही हसल्या.

परवा मोबाइलवर टाकी भरलेली आणि घरात नळ कोरडे. तणतणत गच्चीवर गेलो, तर त्या आधीच पदर खोचून जुन्या टूथब्रशने सेन्सरवरचं शेवाळ काढत होत्या. मला बघून त्यांनी ब्रश झटकला आणि माझ्या हातात दिला.

“पुढच्या महिन्यात तुम्ही.”