भाऊजींना कोण सांगणार?

आमच्या मोठ्या भाऊजींनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या तपासणीत पास केलेली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले बंधू. पिंपरीकडच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासले, आणि तिथे दिवसभर चुका काढूनही हौस भागत नसावी, कारण उरलेली ते घरी घेऊन येत. लग्नाला गेले की मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का, ते एक डोळा मिटून बघत आणि मगच अक्षता टाकत. कसबा पेठेतल्या एका तांबटाकडून घेतलेला तांब्या त्यांनी तीनदा परत नेला, कारण झाकण एका बाजूला केसभर उचललेलं होतं. तिसऱ्या खेपेला तो तांबट मान वर न करता म्हणाला, "काका, पाणी प्यायचंय की मोजायचंय?" मला बघायला आले तेव्हा सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती आणि हे गृहस्थ आमच्या टीपॉयकडे. पोह्यांच्या बशा ठेवताना तो डुगडुगला होता. त्यांनी खिशातलं बसचं तिकीट काढलं, चार घड्या करून पायाखाली सरकवलं, टीपॉय हलवून बघितला आणि म्हणाले, "आता ठीक आहे." माझ्या आईला वाटलं, पसंती आली.

जगाच्या चुका काढणाऱ्या या माणसाची चूक मात्र आमच्या घरात कुणी काढायची नाही, असा दंडक सासूबाईंनी घालून ठेवला होता. "तो मनाला लावून घेतो," एवढंच त्या म्हणत. एकदा भाऊजींनी आमच्या न्हाणीघरातले नळ स्वतः बदलले आणि गार नळाला गरम पाणी यायला लागलं. दोन वर्षं आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, "निळा गरम बरं का," असं सांगत राहिलो, पण भाऊजींना कुणी सांगितलं नाही. त्यात लबाडी नव्हती, खरंच माया होती. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणाचा मिक्सर बंद पडो, कुणाची बेल, हे न बोलावता पिशवी घेऊन हजर. माझ्या धाकट्याला न्यूमोनिया झाला तेव्हा नऊ दिवस रोज कारखान्यातून सुटले की ते थेट दवाखान्यात येत, सलाईनचे थेंब घड्याळ लावून मोजत आणि नर्सशी भांडत. अशा माणसाला, तुमचं चुकलं, असं म्हणायला जीभ उचलत नाही. आमची तर कुणाचीच उचलली नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये बसायचं. लग्नाआधी मी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज काढत असे. मग दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण आणि अकरा वर्षं. अडतिसाव्या वर्षी मी धीर केला, निम्म्या वयाच्या पोरांत बसून कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायला शिकले, आणि एका बिल्डरच्या ऑफिसातून पहिलं काम मिळालं. वाघोलीला त्यांची सात मजली इमारत व्हायची होती. ती बांधण्याआधीच गिऱ्हाइकाला फाटकापासून गच्चीपर्यंत फिरवून आणेल अशी तीन मिनिटांची फिल्म मी करायची होती. शुक्रवारी अकरा वाजता दाखवायची. पसंत पडली तर पुढची सगळी कामं माझ्याकडे, असं तिथल्या मॅनेजरनं सांगितलं होतं. त्या आठवड्यात पोळ्या लाटतानासुद्धा माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक उघडत होतं.

घरचा कॉम्प्युटर भाऊजींनीच सुटे भाग आणून जोडलेला आणि आम्हाला भेट दिलेला. पाच वर्षांचा झाला होता. त्याच्यावर माझी इमारत वळवायला गेलं की एकेक खिडकी रांगत यायची. म्हणून मी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. स्वतःचा छोटा पंखा असलेलं, चांगलं दणकट. ते बसवायला दुसऱ्या कुणाला बोलावणं म्हणजे घरात महाभारत. भाऊजी रविवारी सकाळी आले, कार्ड बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला, पत्त्यांचा खेळ लावून एक डाव जिंकले आणि म्हणाले, "झालं. चालतंय." मी माझी इमारत उघडली, फाटकातून आत शिरले आणि कॉम्प्युटर खटकन बंद पडला.

इथून पाच दिवस भाऊजींनी जे केलं त्याला तोड नाही. रोज संध्याकाळी सहाला ते येत. पहिल्या दिवशी ते म्हणाले की व्होल्टेज खालीवर होतंय, आणि सोसायटीच्या मीटरच्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी टेबल एका अंगाला कलतंय असा शोध लागला आणि ते स्पिरिट लेव्हल लावून सरळ झालं. तिसऱ्या दिवशी सगळा कॉम्प्युटर उघडून त्यांनी प्रत्येक भाग मुलांच्या खोडरबरानं घासून लख्ख केला. दर वेळी पत्त्यांचा खेळ झकास चालायचा, दर वेळी ते "झालं" म्हणायचे आणि दर वेळी माझ्या फाटकापाशी सगळं विझायचं. शेवटी दोष माझ्या इमारतीत निघाला. "अगं, खिडक्या फार काढल्यास तू," ते म्हणाले. "थोड्या कमी कर. आणि ही झाडं कशाला? पुण्यात राहिलीत कुठे झाडं?" मी झाडं काढली. नंतर दोन मजले काढायला सांगितले तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "बरं, एकच काढ."

आणि मला कारण माहीत होतं. माहीत होतं हो! सोमवारीच मी आमच्या क्लासच्या सरांना फोन केला होता. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, "मॅडम, आतला एसएमपीएस बदला. नवं कार्ड जास्त वीज मागतंय, ती त्याला झेपत नाही. दहा मिनिटांचं काम आहे." एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना वाटून देणारा पत्र्याचा डबा. किती वीज लागेल ते कार्डाच्या खोक्यावरही ठळक छापलेलं होतं. पण तो डबा भाऊजींनी स्वतः निवडून बसवलेला. तो बदला म्हणणं म्हणजे त्यांनी पास केलेली वस्तू नापास करणं. मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "दादा बघतोय ना? त्याच्या लक्षात येईल." जाऊबाई म्हणाल्या, "त्यांना सांगायचं नसतं गं, त्यांना सुचू द्यायचं असतं." म्हणून त्यांनी ते खोकं, छापलेली ओळ वर करून, भाऊजींच्या हाताशी ठेवलं. भाऊजींनी त्यावर चहाचा कप ठेवला. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी ते मॉनिटरला टेकवून उभं केलं. भाऊजींनी ते आडवं केलं, मॉनिटरखाली सरकवलं आणि म्हणाले, "आता बघ, बरोबर डोळ्यांच्या रेषेत आला." आम्ही दोघी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

शुक्रवारी मी आधी तयार असलेली सहा चित्रं छापून घेऊन गेले. मॅनेजरनं ती पत्ते पिसावेत तशी भराभर बघितली. "मॅडम, फिल्म कुठाय?" मी म्हटलं, मशीन बिघडलंय, दोन दिवस द्या. तो वाईट माणूस नव्हता. खुर्ची पुढे करून, पाणी देऊन म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की बघू." पुढची वेळ आली नाही. घरी आले तर भाऊजी अर्धी रजा टाकून आलेले, घामानं डबडबलेले. त्यांनी नवं कार्ड काढून जुनं परत बसवलं होतं आणि पत्त्यांचा खेळ सुरू होता. "दोष कार्डातच होता," ते म्हणाले. "बोगस माल. मी स्वतः जाऊन परत करतो, तू काळजी करू नकोस." त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी म्हटलं, "हो, भाऊजी."

त्यानंतर बारा वर्षं मी एका शिकवणी वर्गाच्या ऑफिसात हजेरीपट टाइप केले. वाघोलीला तशा शंभर इमारती उभ्या राहिल्या. एखाद्या लग्नाला त्या बाजूला गेलं की मी रिक्षातून बाहेर बघत नसे. भाऊजींवर माझा राग होता, आणि तो मी सणावारी त्यांना वाकून नमस्कार करताना नीट सांभाळून ठेवत असे.

गेल्या वर्षी तो जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा ठरला. भाऊजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत, पण न उघडता काही टाकून देणं त्यांच्या रक्तात नाही. सकाळीच तो उचलून त्यांनी आपल्या घरी नेला आणि खोलला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"त्या डब्यात दम नव्हता," ते म्हणाले. "वर लेबल एक, आत माल भलताच. कार्ड चांगलं होतं."

मी नुसती मान डोलावली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार, भाऊजी?"

त्यांनी दाराची कडी हलवून बघितली. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं." आणि गेले. मला हसू आलं. म्हटलं, आता म्हातारपणी बोलायला काय जातंय! त्या वाक्यावर मी काडीचाही विश्वास ठेवला नाही, आणि न ठेवल्यामुळे मला बरंच वाटत होतं.

परवा ते एक कागद घेऊन आले. गॅलरीला जाळी बसवायची आहे, तिचं माप त्यांनी स्वतः काढलं होतं. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बघ गं, तुला यातलं कळतं." एका नजरेत दिसलं. गॅलरीचं दार बाहेर उघडतं आणि ते या जाळीवर आपटणार होतं. तोंडातून "छान आहे" निघायच्या बेतात होतं. पण कुठून बळ आलं कोण जाणे, मी म्हटलं, "भाऊजी, हे चुकलंय. दार उघडणार नाही."

त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ घेतला, दूर धरला. "अरेच्चा, खरंच की," म्हणाले. पेन्सिल मागितली, रेघ खोडली, मी सांगितली तिथे दुसरी ओढली. "बरं झालं सांगितलंस." चेहरा पडला नाही, आवाज चढला नाही, मनाला लावून घेतलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. कागदाची घडी खिशात घालून, जिना सांभाळून उतरत ते निघून गेले.

मी दार लावलं आणि तिथेच खाली बसून रडले. ते चिडले असते तर किती बरं झालं असतं.