पायवर बाई

आमच्या अतिदक्षता विभागात एक डॉक्टर आहेत. त्यांना आम्ही पाठीमागे 'पायवर बाई' म्हणतो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. मी तिथली मुख्य नर्स, म्हणजे त्यांची बोलणी सगळ्यांत आधी खाणारी.

नावामागची गोष्ट साधी आहे. रुग्णाचं ब्लडप्रेशर उतरायला लागलं की कुठल्याही शिकाऊ डॉक्टरचा हात आधी सलाईनकडे जातो. बाईंचा जात नाही. त्या येतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "थांबा. पाय वर." मग पलंगाचं बटण दाबून रुग्णाची पाठ खाली घ्यायची आणि पाय वर करायचे. पायांतलं रक्त आपोआप छातीकडे येतं, म्हणजे बाहेरून थेंबही न देता हृदयाला ग्लासभर पाणी पाजल्यासारखं होतं. बाई छातीवर सोनोग्राफीचा प्रोब धरून बघतात, की हृदय आता दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलतंय का. ढकलत असेल तर सलाईनचा उपयोग होईल. नसेल तर तेच सलाईन फुप्फुसांत जाऊन बसेल आणि माणसाला श्वास घेणं मुश्कील होईल. पाय खाली घेतले की सगळं होतं तसं होतं. बाटलीतून गेलेलं पाणी मात्र परत मागता येत नाही.

"आम्ही शिकत होतो तेव्हा अंदाजानं द्यायचो," बाई सांगतात. "निम्म्या वेळा बरोबर यायचं. तेवढं छापा-काटा करूनही येतं."

नातेवाइकांना हे पटत नाही. बाटली टांगलेली दिसली की त्यांना वाटतं, काहीतरी चाललंय. एकदा एका रुग्णाच्या जावयानं बाईंना सरळ कंजूष म्हटलं. बाई म्हणाल्या, "पाहुण्याचं पोट भरलंय का हे बघून वाढावं, की तो गुदमरेपर्यंत वाढत राहावं?" जावईबापूंचा हात नकळत स्वतःच्या पोटावरून फिरला. अनुभव असणार.

स्वभावानं बाई फटकळ. दुपारी चहाच्या खोलीत सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसतात आणि कुणी बघितलं की म्हणतात, "माझी टेस्ट चाललीये. चहा दिल्यास उपयोग होईल." त्यांचा एक नियम मात्र फार कडक आहे. टेस्ट चालू असताना रुग्णाला कुणी हात लावायचा नाही, कुणी बोलायचं नाही. पायही हातांनी उचलायचे नाहीत, पलंगानंच उचलायचे. माणूस दचकला, त्याला दुखलं, तो घाबरला, की हृदय आपलं आपण धावतं आणि आपण त्याचं श्रेय पाण्याला देऊन मोकळे होतो. या नियमापायी मी फरशी पुसणाऱ्या मावशींना बादलीसकट बाहेर काढलंय.

मग त्याच विभागात माझे बाबा आले.

बाबांनी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. लोकांचे हजारो शब्द त्यांच्या हातांखालून गेले, पण स्वतः वापरायला त्यांनी एकच ठेवला होता: "बरं." मी नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आले तेव्हा "बरं." लग्न मोडून परत आले तेव्हा दार उघडून "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला बसले. या माणसाला आपलं काही वाटतं की नाही, हे मला चाळिशी उलटली तरी कळलं नव्हतं. आईला विचारायची सोय होती तेव्हा विचारलं नाही, आणि आता आई नाही.

त्यांना न्यूमोनिया झाला होता आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "या पलंगापाशी तू नर्स नाहीस, मुलगी आहेस. काम दुसरीकडे कर." दुपारी प्रेशर उतरायला लागलं. मी धावत जाऊन पलंगाशी उभी राहिले. बाईंनी एक नजर टाकली, पण हाकललं नाही.

पलंग घरघरत हलला, पाय वर गेले. बाबांच्या पापण्या थरथरल्या. नियम मलाच तोंडपाठ, पण त्या क्षणी मी मुलगीच होते. त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बाबा, मी आहे."

सोनोग्राफीच्या पडद्यावरचा आकडा चांगला वाढला. शिकाऊ डॉक्टरचा हात सलाईनकडे गेला. "द्या ना लवकर!" मी म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी मॉनिटरवरच्या नाडीकडे बोट केलं. पाय वर केल्यानं नाडी अशी धावत सुटत नाही, आणि बाबांची तर सुटली होती. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू बाहेर जा."

"बाई, पण—"

"बाहेर."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. बाहेर धाकटा भाऊ येरझाऱ्या घालत होता. "ताई, सलाईन लावलं?"

"नाही."

"मग आत करतायत काय? तू इथली एवढी मोठी नर्स, आणि तुझ्या बापाला साधं सलाईन मिळत नाही?"

बाबा हातचे जातायत असं वाटत होतं. दाराच्या काचेतून दिसलं, बाईंनी पलंग पहिल्यासारखा केला, काही वेळ नुसत्या थांबल्या, पुन्हा पाय वर घेतले. पडद्याकडे बघितलं आणि मान हलवली. सलाईन लावलं नाही. प्रेशर धरून ठेवणारं औषध पंपावर सुरू केलं.

संध्याकाळपर्यंत प्रेशर सावरलं. बाई बाहेर आल्या. "दुसऱ्या वेळी आकडा ढिम्म हलला नाही. पाणी नकोच होतं त्यांना. दिलं असतं तर फुप्फुसं भरली असती."

"मग पहिल्यांदा का वाढला?"

"तू बोललीस म्हणून," बाई वैतागून म्हणाल्या. "पायांचा काही संबंध नव्हता. तुझा आवाज ऐकून धावलं त्यांचं हृदय. मला पाण्याचं बघायचं होतं, आणि तू मध्ये कडमडलीस." आणि निघून गेल्या.

मी बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडले. ते बघून भावाला वाटलं, संपलं सगळं. तोही भोकाड पसरून रडायला लागला. शेवटी त्याला गदागदा हलवून सांगावं लागलं, "अरे गाढवा, सावरलेत ते!"

बाबा हळूहळू सुधारले. साध्या वॉर्डात हलवायच्या दिवशी छातीवरच्या वायर काढायच्या होत्या. ते काम मी मागून घेतलं. बाबा डोळे मिटून पडले होते. मी वाकून म्हणाले, "बाबा, मी आहे. आज तुम्हाला वॉर्डात नेतोय."

"बरं," बाबा म्हणाले. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मी मॉनिटरकडे बघितलं. नाडी धावत होती.

माझा हात वायरवरच राहिला. स्ट्रेचर घेऊन दोघं दारात आले. "सिस्टर, झालं का? पुढचा पेशंट खोळंबलाय."

बाई पलीकडच्या पलंगाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी मॉनिटर बघितला, मग मला. चष्मा कपाळावर सरकवला, स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि त्या दोघांना म्हणाल्या, "थांबा जरा."