कौसामावशींची दुपारची झोप

“मावशी, काल दिवसभर काय केलंत?” होल्टरच्या वायरी काढत मी विचारलं.

“काय करनार? बसून राह्यले. सून म्हनली, दवाखान्याची मशीन हाय, बिघडली तर? पान्याचा गिलास बी हातात आनून दिला. सारी गल्ली पाहून गेली मला!”

मी कपाळाला हात लावला. जालन्यातल्या एका हार्ट क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन आहे. होल्टर म्हणजे छातीवर चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला डबी. ती चोवीस तास हृदयाचा ठोका न् ठोका टिपते. पेशंटनं मात्र नेहमीसारखं राहायचं असतं. पिंपळगाव रेणुकाईच्या या मिरच्या तोडणाऱ्या बाईला घरच्यांनी नवरीसारखं बसवून ठेवलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी बोलता बोलता मावशींची जीभ अडखळली होती. दहा मिनिटांत पुन्हा नीट. आमच्या डॉक्टर सरांना शंका होती की ठोक्यांची लय मधूनच बिघडत असावी. तसं झालं की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली, तर कायमचा लकवा. साधा ईसीजी चांगला होता. होल्टरही चांगला आला.

“मंग जाते घरी,” म्हणत मावशी उठल्याच.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. “सर, पॅच लावू या.”

“होल्टर नॉर्मल आहे ना?”

“आहे. पण होल्टर लावला त्या दिवशी नुसत्या बसून होत्या. मावशी मावशी नव्हत्याच हो!”

सर हसले. “लावा.”

पॅच म्हणजे छातीवर चिकटवायचं छोटंसं यंत्र. वायरी नाहीत, चौदा दिवस राहतं. होल्टर हृदयाकडे दोन-तीन बाजूंनी बघतो, हा एकाच बाजूनं. वर खाज सुटते ती वेगळीच. पण पोलक्याखाली कुणाला दिसत नाही.

“गल्लीत दाखवत बसायचं नाही. रानात जायचं,” मी दटावलं.

चौदा दिवसांनी रेकॉर्डिंग उघडलं आणि मी त्यात हरवूनच गेले. सकाळी ठोके वाढायचे. मावशी रानाच्या वाटेला लागल्या असतील. मग तासन् तास एकच चाल. एकेक झाड, एकेक मिरची, ओटी भरत चाललेली. दुपारी ठोके हळूहळू उतरायचे आणि लिंबाची सावली माझ्याच अंगावर आल्यासारखं वाटायचं. किती बरं वाटत होतं म्हणून सांगू! खुर्चीवर बसल्या बसल्या मी त्यांच्या रानात फिरत होते.

नवव्या दुपारी ठोके तसेच उतरले आणि एकाएकी विस्कटले. दोन जवळ, एक लांब, परत तीन जवळ. कशाचा कशाला मेळ नाही. दीड तास!

मावशींना बोलावून विचारलं, “तेव्हा छातीत धडधडलं नाही?”

“न्हाई बाई. भाकर खाऊन आडवी झाल्ते. लई गाढ झोप लागल्ती. सपनात माहेरी गेल्ते.”

सरांनी गुठळी होऊ नये म्हणून गोळी सुरू केली. मावशींची जीभ पुन्हा अडखळलेली नाही. उलट फॉलोअपला नंबर लागायला उशीर झाला की त्यांच्या तोंडाचा पट्टा आम्हालाच ऐकावा लागतो. होल्टरच्या दिवशी त्या रानात गेल्या असत्या, तरी हे सापडलंच असतं असं नाही. एका दिवसात सापडायला नशीबच लागतं.

तेव्हापासून रिपोर्ट देताना “सगळं नॉर्मल” असं मी म्हणत नाही. “या चोवीस तासांत काही सापडलं नाही,” एवढंच म्हणते. पेशंटला ते बिलकुल आवडत नाही.