राजरोस रडणारे दाजी

सोलापूरच्या उन्हाळ्यात हवेला जो काही थोडाफार ओलावा राहतो तो आमच्या दाजींमुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उंचपुरे, मिशा अशा की नवख्या माणसाला निवृत्त फौजदार वाटावेत, आणि आवाज असा की ते एका वर्गावर शिकवायला लागले की शेजारच्या वर्गाचाही अभ्यास आपोआप व्हावा. जन्मभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि जन्मभर ते राजरोस रडले. लग्नात मुलीची आई रडायच्या आधी दाजी सुरू होत, आणि पुष्कळदा ते मुलाकडचे वऱ्हाडी असत. एकदा आम्ही एका पाहुण्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. पाहुणा अजून चहाच पीत होता, आणि दाजी समोरच्या डब्यातल्या एका अनोळखी म्हातारीला निरोप देत रडत होते. गाडी सुटेपर्यंत म्हातारीही त्यांचा हात धरून रडली. कोण होत्या म्हणून विचारलं तर म्हणाले, "माहीत नाही. पण त्यांना पोचवायला कुणीच आलं नव्हतं."

खिशात रुमाल ते कधी ठेवत नसत. खांद्यावर इथलाच जाडजूड टॉवेल. "रुमाल चोरून रडणाऱ्यांसाठी असतो," असं त्यांचं म्हणणं. मात्र उगाच कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याला रडणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. शेंगाचटणी खाऊन पुण्याच्या एका पाहुण्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी म्हणालो, "अहो, रडवलं की तुम्हाला." लगेच दाजींनी ताट बाजूला सारून शिकवायला घेतलं. डोळा ओला ठेवणारं पाणी वेगळं, ते दिवसभर झिरपतच असतं. तिखट, धूर, कांदा यांचं वेगळं, ते डोळा धुऊन काढतं. आणि मन भरून आल्यावर येतं ते तिसरं. "त्या तिसऱ्याची तेवढी लोकांना लाज वाटते," ते म्हणाले. "शिंक आली तर कुणी माफी मागत बसतं का?"

ही लाज त्यांनी कधी बाळगली नाही आणि कुणाला बाळगू दिली नाही. दहावीच्या निरोप समारंभात ते बोलता बोलता रडायला लागले तेव्हा मुख्याध्यापक कानाशी येऊन पुटपुटले, "सर, पोरांसमोर शोभत नाही." दाजींनी माइकमधूनच विचारलं, "पोरांसमोर ओरडलेलं शोभतं, मग रडलेलं का नाही?" पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या बाकावरची दांडगी पोरं सगळ्यांत आधी रडली. अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावी चुलते वारले तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना दटावलं, "गडीमाणसानं असं रडू न्हाय. बायका हायत की त्याला." दाजी रडत रडतच म्हणाले, "अण्णा, चुलता माझा गेलाय. बायकांना कशाला सांगू रडायला?" थोड्या वेळाने म्हातारा दाजींच्या शेजारी येऊन बसला आणि धोतराच्या सोग्याने नाक पुसायला लागला.

अक्काचं सगळं उलटं. तिला रडताना कुणी पाहिलेलंच नाही. तिच्या पाठवणीला आम्ही सगळे रडत होतो, नवरदेव रडत होता, आणि अक्का गाडीत बसून सामान मोजत होती. संसारभर तिचं एकच वाक्य, "पुरे की आता, शेजारी विचारतील." दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी तिने दाजींना बजावलं, "माझ्यासमोर एक थेंब काढायचा नाही. मला धीर पाहिजे." दाजींनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

शब्द त्यांनी पाळला, आणि इथेच सगळं बिघडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. ताप तेवढा रेंगाळत होता. दाजी खाटेशेजारी जबडा आवळून, आवंढे गिळत बसून राहत. त्यांना जेवण जाईना, डोकं ठणकायला लागलं. आणि अक्काही दिवसेंदिवस मिटत चालली. खाईना, बोलेना. एका सकाळी दाजी चहाला खाली गेले तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांग."

"ताप उतरतोय म्हणाले."

"खोटं बोलू नको. मी बरी होत असते तर ह्या माणसाला आनंदानं रडू आलं असतं. हे रडत नाहीयेत. काहीतरी लई वाईट आहे, म्हणून दाबून बसलेत."

मी खाली जाऊन दाजींना सांगितलं. ते चहाचा कप तसाच टाकून निघाले, लिफ्टची वाट न पाहता जिना चढून वर गेले, आणि सगळ्या वॉर्डासमोर असे काही रडले की शेजारच्या खाटेवरची पेशंट उठून बसली. नर्स धावत आली. "काका, पेशंटसमोर असं करू नका."

"रडू द्या त्यांना, सिस्टर," अक्का म्हणाली. आणि तिने पेज मागितली. वाटी रिकामी केली आणि भिंतीकडे तोंड करून शांत झोपली.

ती घरी आली त्यानंतरची एक दुपार मला आठवते. आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. अशक्तपणाने अक्काचा आवाज बारीक झाला होता. मधेच तिने विचारलं, "अहो, रडायची सुरुवात नेमकी कुठून होते?"

दाजींनी कप खाली ठेवला. वर्गातल्या मुलीला सांगावं तसं ते हळूहळू सांगत गेले. आधी घशात गोळा येतो. घसा उघडायला बघतो आणि आपण आवंढा गिळून तो मिटत असतो. तेवढं गिळणं सोडायचं. मग आपोआप येतं. नंतर श्वास लांब होतो, अंग सैल पडतं.

अक्काने डोळे मिटले. गिळणं सोडून पाहिलं. मग डोळे उघडून म्हणाली, "मला नाही येत. आई गेली तेव्हाही नाही आलं."

"असू दे," दाजी म्हणाले. "तुझ्या वाटचं मी रडतो."

आणि ते रडू लागले. या वेळी अक्का पुरे म्हणाली नाही.